वागातोरच्या जांभ्याचे फोटो काढायला निघताना

आधी १५ सेंटिमीटरची पट्टी बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. गेल्या डिसेंबरात मी गोव्यातल्या वागातोर किनाऱ्याच्या लाल कड्याचे दोनशेवर फोटो काढले आणि एकातही मोजमाप ठेवलं नाही. जांभ्यातल्या, म्हणजे त्या लाल सच्छिद्र दगडातल्या, वाळवीनं पोखरल्यासारख्या नळ्या इतक्या जवळून टिपल्या होत्या, पण घरी आल्यावर त्या बोटभर रुंद की हातभर, मलाच सांगता येईना. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मावसभावाला दाखवले तर तो म्हणाला, “अरे, हा कडा आहे की चिरा?” सगळी संध्याकाळ वाया. म्हणून पट्टी. ती नसेल तर नाणं, पण पट्टीच बरी.

बॅटरी, पाणी, टोपी हे सांगायला नको.

भरती-ओहोटीची वेळ त्याच दिवसाची पाहा. ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, कालच्या अंदाजावर खाली उतरू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पायथ्याशी रेंगाळूच नका. लाटा खालची मऊ माती पोखरतात आणि वरचा जांभा अचानक सुटतो. कड्याला टेकून बसणारी माणसं पाहिली की माझा जीव वर येतो.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्यावर सावली असते, तेव्हा जवळचे फोटो घ्या. ऊन कलल्यावर लांबचे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा लाल रंग फिका करून टाकतो. डेलाइटवर ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. ओल्या दगडाची चमक मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर हवाच.

काय टिपायचं ते आधी ठरवा. लाखो पावसाळ्यांनी खडकातली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, तो हा जांभा. लाल दिसतं ते हिमॅटाइट, पिवळं-तपकिरी गोएथाइट (दोन्ही लोहाची खनिजं), पांढुरकी माती केओलिनची. वरची टणक टोपी आणि खालची मऊ माती एका चौकटीत आली तर उत्तम. आणि प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी. प्रत्येक. एक फोटो पट्टीसह, एक तिच्याशिवाय, म्हणजे देखणाही मिळेल.

चपला नकोत, बूट घाला. ड्रोनची परवानगी नसेल तर तो घरीच ठेवा. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवा, फोटो उतरवून घ्या. पट्टी मात्र बॅगेतून काढू नका.