कॅफीन आणि नेमबाजी : सामन्याच्या दिवशी या चुका टाळा

मराठवाड्यात पाहुण्याने चहाला नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटते, त्यामुळे माझ्याकडे दहा मीटर नेमबाजी शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना कॅफीनची सवय शाळेत असतानाच लागलेली असते. त्या सवयीला माझी हरकत नाही. ती नेमकी सामन्याच्या तोंडावर वाढवली जाते किंवा मोडली जाते, याला माझी हरकत आहे, आणि दर हंगामात तेच पाहून आता मी अगदी थकलो आहे.

कॅफीन मेंदूत अ‍ॅडेनोसिनची, म्हणजे थकव्याची जाणीव करून देणाऱ्या रसायनाची जागा अडवते. त्यामुळे तरतरी येते. पण त्याबरोबर अ‍ॅड्रेनॅलिनही वाढते आणि ज्याला तेवढ्या मात्रेची सवय नाही त्याच्या बोटांना बारीक कंप सुटतो. धावपटूला त्याने फारसे बिघडत नाही. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर मात्र दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, आणि पुढच्या-मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या काट्यात आणि मागच्या खाचेत, ३५ सेंटिमीटर अंतर धरले तर फ्रंट साइट (पुढचा काटा) केवळ ०.२ मिलिमीटर हलल्याने पेलेट, म्हणजे छर्रा, लक्ष्यावर सुमारे ६ मिलिमीटर सरकते. कंप डोळ्यांना दिसण्याआधी गुणफलकावर उमटतो, तो यामुळेच.

सामन्याच्या सकाळी नवे काही पिणे

जालन्याकडचा एक मुलगा माझ्याकडे दोन वर्षे पिस्तूल शिकत होता. सरावात तो ६०० पैकी ५६५ च्या खाली क्वचितच येत असे. मुंबईच्या एका स्पर्धेसाठी तो देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आला, झोप नीट झाली नव्हती आणि पहिल्याच डिटेलला, म्हणजे नेमबाजांच्या पहिल्याच तुकडीत, त्याचे नाव होते. सोबतच्या कोणीतरी ‘फोकस वाढतो’ म्हणून त्याला एनर्जी ड्रिंकचा कॅन दिला आणि त्यावर त्याने कपभर काळी कॉफीही घेतली. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. कॉफीच्या कपात साधारण तितकेच किंवा थोडे अधिक असते. दिवसाला दुधाचा दोन वेळा अर्धा कप चहा घेणाऱ्या मुलाने त्याच्या दिवसभराच्या कितीतरी पट मात्रा पंधरा मिनिटांत घेतली होती.

साइटर, म्हणजे गुण न धरले जाणारे सुरुवातीचे चाचणी शॉट, उत्तम गेले. दहा शॉटची पहिली सिरीज ९५, दुसरी ९३. पोटात गेलेले कॅफीन रक्तात पूर्ण चढायला साधारण पाऊण तास लागतो, आणि तयारीची १५ मिनिटे धरून तिसऱ्या सिरीजला तो पाऊण तास भरला. मी मागे बसून पाहत होतो : ग्रिपवरच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती आणि पिस्तूल वर नेल्यावर तो पुन्हा पुन्हा शॉट न सोडता हात खाली आणत होता. एक आठ वर उजवीकडे गेला, तर त्याने साइटचे क्लिक, म्हणजे नेम सरकवणारा स्क्रू, फिरवले. पुढचा आठ खाली डावीकडे गेला, तर क्लिक पुन्हा उलटे फिरवले. ८८, ८६, ८९, ८७. एकूण ५३८. बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, “सर, फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा लुकलुकत होता, हात ऐकतच नव्हता.”

कॅफीन ही पहिली चूक होती, तर क्लिक फिरवणे ही दुसरी आणि अधिक महागाची. ट्रिगर हिसकला की शॉट बहुधा एकाच दिशेला जमतात, उजव्या हाताच्या नेमबाजाचे खाली-डावीकडे. कंपामुळे ते चहूबाजूंना विखुरतात. विखुरलेल्या शॉटवर साइट फिरवून काहीही साधत नाही. अशा वेळी माझी सवय सांगतो : पिस्तूल टेबलावर ठेवावे, दोन-तीन मिनिटे खुर्चीवर बसून श्वास सावकाश सोडावा, घोटभर पाणी प्यावे, आणि परतल्यावर शॉट लांबवू नये. सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली आणावा. ६० शॉटना ७५ मिनिटे असतात. त्यातली पाच गेली तरी बिघडत नाही. कॅफीन उतरण्याची वाट मात्र पाहू नये, कारण त्यातले निम्मे शरीराबाहेर पडायलाच सुमारे पाच तास लागतात.

सामन्याच्या तोंडावर चहा एकदम सोडणे

ही चूक शहाणी मुले करतात, म्हणून ती मला अधिक लागते. लातूरची एक रायफल नेमबाज मुलगी दिवसाला चार कप चहा घेत असे. ‘नेमबाजाने कॅफीन घेऊ नये’ असे कुठेतरी वाचून तिने सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून चहा बंद केला. सवयीच्या माणसाने कॅफीन तोडले की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड आणि जडपणा सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तो सर्वाधिक असतो. सामन्यात तिचे कपाळ ठणकत होते आणि डायॉप्टरमधून, म्हणजे रायफलच्या मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून, पाहताना डोळ्यामागे कळ येत होती. तिच्या रायफलमध्ये, जॅकेटमध्ये, उभे राहण्याच्या पद्धतीत काही दोष नव्हता. ज्या चहावर तिने वर्षभर सराव केला होता तोच तिने काढून घेतला होता.

चहा कमी करायचा असेल तर हंगाम संपल्यावर करावा, आठवड्याला एक कप कमी या गतीने, आणि त्या काळातले गुण मनावर घेऊ नयेत. ‘सर, चार दिवसांत जमेल ना?’ असे मला दर वर्षी विचारले जाते. जमत नाही. ज्यांना ट्रिगरवर बोट ठेवायला शिकण्याआधी पदक हवे असते, तेच बहुधा हा प्रश्न विचारतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

आदल्या संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी घेऊ नये. रात्री अकराला त्यातले निम्मे अंगात असते आणि झोप उथळ होते.

डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय कोणाच्याही पिशवीतली गोळी घेऊ नये.

व्यायामशाळेतली, व्यायामाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर रेंजवर आणूच नये. एका चमच्यात दोन कप कॉफीइतके कॅफीन असू शकते आणि बाकी काय मिसळले आहे याची खात्री नसते.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या रेंजवर उष्णतेनेच नाडी वाढलेली असते. तेव्हा पाण्याची बाटली आधी, चहा नंतर.

शेवटची चूक मात्र एका ओळीत उरकण्यासारखी नाही. कॅफीनने हात थरथरला म्हणून ‘हात शांत करणारी’ गोळी सुचवणारे लोक भेटतात. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, कॅफीन २००४ पासून बंदीच्या यादीतून काढले आहे आणि त्यावर केवळ लक्ष ठेवले जाते. पण नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या वेळी आणि एरवीही बंद आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग सू याची पिस्तुलातली दोन पदके प्रोप्रॅनोलॉल सापडल्याने काढून घेण्यात आली. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी असे औषध दिले असेल तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे, आणि मनाने ते बंदही करू नये.

माझ्या मुलांच्या सरावाच्या वहीत पेलेट आणि क्लिक यांच्या शेजारी चहाचा रकाना असतो : किती वाजता, किती कप, पहिला शॉट किती वाजता. महिनाभरात प्रत्येकाला आपले अंतर कळते. कोणाला दीड तास आधीचा एक कप मानवतो, कोणाला उठल्या उठल्या अर्धाच. तोच कप, तेवढाच, त्याच वेळेला सामन्याच्या सकाळीही घ्यायचा. आणि डिटेल नऊची असेल तर आदल्या आठवड्याचा सरावही नऊलाच ठेवायचा.