खळ्यात ‘क्वाइदान’: मुलांना जुनी जपानी भुताची गोष्ट दाखवताना

मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’मध्ये (१९६४) भुताच्या चार गोष्टी आहेत आणि पूर्ण चित्रपट १८३ मिनिटांचा आहे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चादरीचा पडदा करून मुलांना तो दाखवायचा तर एका बैठकीत दाखवू नये. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी दुसरी, बर्फातल्या बाईची गोष्ट घ्यावी. साधारण पाऊण तासाची आहे. प्रत आधी तपासा: अमेरिकेत चित्रपट कापून १२५ मिनिटांवर आणला, तेव्हा नेमकी हीच गोष्ट वगळली होती. लांबी दोन तासांच्या आसपास दिसली तर ती प्रत घेऊ नका.

दिवस दिवाळी ते शिमगा यांमधला ठेवा आणि साडेसातला सुरुवात करा. पौष-माघात उशीर केलात तर दवाने चादर ओली होते, सैल पडते आणि चेहरे वाकडे दिसू लागतात. दोन माडांच्या मध्ये चादर बांधायचा मोह टाळा. संध्याकाळी खारे वारे वाहतात, रात्री मतलई. एका बाजूने ताणलेली चादर नंतर दुसऱ्या बाजूने फुगते. पडवीच्या भिंतीला टेकवून बांधावी, दुहेरी घ्यावी आणि खालच्या काठात बांबू ओवावा. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो व चित्र फिकं पडतं.

चित्र फार रुंद आहे, २.३५ : १. सात फूट रुंदी घेतली तर उंची जेमतेम तीन फूट भरते. साध्या घरगुती प्रोजेक्टरला त्यासाठी दहा-अकरा फूट अंतर लागतं, पण यंत्रागणिक फरक पडतो, म्हणून आदल्या रात्री मोजून जमिनीवर खूण करा. भिंगापुढे पाखरू आलं की पडद्यावर त्याची हातभर सावली फिरते आणि लहान मुलं तिलाच भूत समजतात. वीसेक फुटांवर, पडद्यापासून दूर एका बाजूला, एक दिवा लावून ठेवला की बरीच पाखरं तिकडे जातात. वीज गेली तर काळोख होऊ नये म्हणून मुलांच्या मागे कंदील बारीक करून ठेवाच.

आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. संगीतकार तोरू ताकेमित्सू यांनी इथे शांतता मुद्दाम लांबवली आहे आणि मधेच लाकूड तडकल्यासारखा आवाज घातला आहे. शांत जागी ‘ऐकू येत नाही’ म्हणून कुणीतरी आवाज वाढवतो आणि पुढच्या आवाजाला पोरं किंचाळतात. पहिल्या गोष्टीचा शेवट एकट्याने लावून तिथे आवाज ठरवा, मग बटणाला हात लावू नका.

संवाद थोडे आहेत. एकाने ते घरच्या बोलीत, मालवणीत किंवा आगरीत, वाचून दाखवावेत. त्याने मुलांच्या बाजूला बसावं. मागून आलेला आवाज मुलांना दचकवतो. त्याने गोष्ट एकदा आधी पाहिलेली असावी.

आता मुलाला काय दिसतं ते. बर्फ त्याने पाहिलेला नसतो, तेव्हा वादळ आणि गारठा आधी सांगून ठेवा. आभाळात रंगवलेले डोळे मुलांना मोठ्यांच्या आधी दिसतात. ‘कुठे काय, काही नाही’ म्हणू नका, डोळे खरोखरच आहेत. बाई म्हाताऱ्या लाकूडतोड्यावर, मोसाकूवर, थंड फुंकर घालते तिथे मुलं घाबरतात, पण सावरतात. खरी धास्ती पुढे आहे. मोसाकूचा तरुण सोबती मिनोकिची याला बाईने कुणाला न सांगण्याच्या अटीवर सोडलेलं असतं. पुढे तो बायकोला ती जुनी रात्र सांगून बसतो, बायको म्हणजे तीच बाई निघते, घरातला उजेड निळा होतो, आणि तीन मुलांची आई घर सोडून निघते. भूत पचतं, आई जाणं पचत नाही. मूल रडू लागलं तर जवळ घ्या, पण चित्रपट थांबवू नका. थांबवलात तर आई गेली एवढंच मनात राहतं. त्यानंतर मिनोकिची तिच्यासाठी केलेल्या गवती चपला बाहेर बर्फात ठेवतो आणि त्या नाहीशा होतात. तिथपर्यंत पोचलेलं मूल स्वतःच सांगतं, ‘तिनं नेल्यान.’ हे त्याला बोलू द्या, आपण आधी फोडू नका.

नंतर मोठ्यांपैकी कुणी ‘आपल्या कोंडीतसुद्धा गिऱ्हो असा’ म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे अडवा. जपानी बाई जपानच्या बर्फात राहते. गिऱ्हा, म्हणजे आपल्याकडचं पाण्यातलं भूत, मात्र रोजच्या पाणवठ्यावर येऊन बसतो आणि मूल पाण्याला जाईनासं होतं. घरी जाताना वाट माडांतून असेल तर प्रत्येकाला दारापर्यंत सोडावं.

तिसरी गोष्ट, होइची या आंधळ्या बीवावादकाची (बीवा म्हणजे जपानी तंतुवाद्य), अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळ्या रात्री ठेवा. ती तासाभराहून मोठी आहे आणि शेवटी कान उपटले जातात, रक्त दिसतं. ११८५च्या दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत हेइके कुळ बुडालं, एवढं आधी सांगा, नाहीतर मेलेले लोक गाणं का ऐकायला येतात ते कळत नाही. अंगभर मंत्र लिहिताना कान राहिले, हे मात्र सांगू नका. एखादं पोर ते लिहीत असतानाच ओरडून सांगेल.