किरकोळ अपघातानंतर भाड्याच्या गाडीचे बिल फुगते कसे, आणि ते आवरावे कसे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सातव्या गल्लीत गाडी मागे घेताना माझ्या भाच्याने शेजारी उभ्या असलेल्या एका लहान गाडीच्या दाराला पोचा पाडला. तीन आठवड्यांनी त्या गाडीचे मालक घरी आले आणि त्यांनी हिशेबाचा एक कागद माझ्या हातात दिला. दुरुस्तीचे एकूण बिल १४,६०० रुपये होते. त्यातले ११,२०० रुपये त्यांच्या विमा कंपनीने भरल्यामुळे उरलेले ३,४०० रुपये ते आमच्याकडे मागत होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. त्याखालची ओळ मात्र अशी होती: भाड्याची गाडी, १४ दिवस, दररोज २,८०० रुपये, एकूण ३९,२०० रुपये. म्हणजे पोचा काढण्याच्या खर्चापेक्षा तो निघेपर्यंत वापरलेल्या गाडीचा खर्च अडीच पटींहून अधिक होता. गृहस्थ सज्जन होते आणि त्यांनी पैसे खरोखरच मोजलेले होते. "तुमच्यामुळं गाडी बंद पडली, तर भाडं तुम्हीच द्यायला पाहिजे की," हे त्यांचे म्हणणेही तत्त्वतः बरोबर होते. चूक होती ती दिवसांच्या आणि दराच्या मोजणीत. ही मोजणी कशी करावी, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी दिवस पाहावेत. भाव करताना लोक दरावर घासाघीस करतात, पण बिल खरे फुगते ते दिवसांनी. आम्ही त्या गृहस्थांसह उद्यमनगरातल्या गॅरेजात जाऊन जॉब कार्ड, म्हणजे कामाच्या तारखांची नोंद, मागितले. त्या १४ दिवसांपैकी पहिले ३ दिवस सर्व्हेअरची, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाची, पाहणी आणि कंपनीची मंजुरी येण्यात गेले होते, पुढचे ५ दिवस दारावरची प्लॅस्टिकची पट्टी येण्याची वाट पाहण्यात गेले होते, प्रत्यक्ष डेंटिंग, पेंटिंग आणि पॉलिश यांना ४ दिवस लागले होते, आणि गाडी तयार झाल्यावर ती नेण्यास सवड न मिळाल्यामुळे २ दिवस तशीच उभी होती. दार नीट उघडत होते, मिटत होते, काच वर-खाली होत होती, आणि मालकांनी ती गाडी स्वतः चालवत गॅरेजात आणलेली होती. मग पहिले ८ दिवस ती तिथे उभी ठेवण्याचे कारण काय, या प्रश्नाला गॅरेजच्या माणसाने प्रामाणिक उत्तर दिले: "कुणी विचारलंच नाही."

म्हणून ज्याच्या गाडीला धक्का बसला आहे त्याने सर्वांत आधी हे ठरवावे की गाडी सुरक्षितपणे चालवता येते का. दिवे, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके शाबूत असतील, बॉनेट व दारे नीट बंद होत असतील आणि खालून काही गळत नसेल, तर पाहणी करून घ्यावी, एस्टिमेट मंजूर करून घ्यावे, लागणारा भाग मागवण्यास सांगावे आणि गाडी घरी न्यावी. भाग आल्याचा निरोप मिळाला आणि कामाची तारीख ठरली की मगच ती गॅरेजात सोडावी. किरकोळ अपघातात भाड्याचे निम्म्याहून अधिक दिवस एवढ्यानेच वाचू शकतात. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जायला हवा, त्यामुळे पाहणी रखडल्यास कंपनीला त्याच दिवशी लेखी विचारावे. पाहणीपूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. गाडी चालवण्याजोगी नसेल, तर अर्थात प्रश्नच वेगळा. तेव्हा वाट पाहण्याचे दिवसही रास्तच ठरतात, फक्त भाग कधी मागवला आणि कधी आला याचा गॅरेजचा कागद जवळ हवा.

दुसरी गोष्ट, आपली स्वतःची पॉलिसी हे भाडे देईल असे गृहीत धरू नये. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळते, पण त्या नुकसानीपायी पुढे झालेल्या खर्चाची, म्हणजे भाड्याच्या गाडीची, भरपाई त्यातून वगळलेली असते. दुरुस्तीच्या रकमेतूनही १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने वजा होतात, आणि प्लॅस्टिक व रबरी भागांवर निम्मा घसारा लागतो, म्हणजे त्यांची निम्मीच किंमत मिळते. भाड्यासाठी दैनिक भत्त्याचे जोडकवच (ॲड-ऑन) वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. प्रत्येक कंपनीच्या अटी निराळ्या असल्याने ते घेताना तीन गोष्टी वाचाव्यात: रोज किती रुपये, जास्तीत जास्त किती दिवस, आणि सुरुवातीचे किती दिवस मोजले जात नाहीत. चार दिवसांच्या कामात पहिले तीन दिवस वगळले जाणार असतील, तर त्या कवचाचा किरकोळ अपघातात फारसा उपयोग नाही, हे हप्ता भरण्यापूर्वी कळलेले बरे.

आता दर. आपली गाडी ज्या वर्गातली, त्याच वर्गातली गाडी भाड्याने घ्यावी, हा साधा नियम आहे. आमच्या प्रकरणात पाचजणांच्या छोट्या गाडीच्या बदल्यात चालकासह सातजणांची गाडी घेतलेली होती. एरवी स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला चालकाचा पगार नुकसानीत धरता येत नाही, आणि इंधन तर आपल्या गाडीतही लागलेच असते, म्हणून तेही बाजूला काढावे. आम्ही कावळा नाका आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरातल्या तीन ट्रॅव्हल्सवाल्यांकडे छोट्या गाडीचा विनाचालक दर विचारला. तो दिवसाला १,४०० ते १,६०० रुपये निघाला. असे दर तोंडी न ठेवता तारीख घालून लिहून घ्यावेत, कारण पुढे वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

गाडीची नंबरपाटीही पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात आणि चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी. आपल्याकडे ओळखीपाळखीत पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्याने देण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती स्वस्तही पडते. पण खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने दिलेल्या वापराला लागू होत नाही. उद्या त्या गाडीला अपघात झाला, तर पहिल्या पोच्याच्या नादात दुसरे, कितीतरी मोठे संकट ओढवेल. शिवाय अशा व्यवहाराचे धड बिल मिळत नाही, आणि बिलाशिवाय मागणी टिकत नाही.

बिलावर काय हवे? गाडीचा क्रमांक, गाडी घेतल्याच्या आणि परत केल्याच्या तारखा, दोन्ही वेळचे किलोमीटर रीडिंग, आणि पैसे दिल्याचा पुरावा. यातले रीडिंग बहुतेक जण बघतच नाहीत. आमच्यापुढच्या बिलावर ते ४८,३१० आणि ४८,५२२ असे होते. म्हणजे १४ दिवसांत २१२ किलोमीटर, दिवसाला सुमारे १५. शाहूपुरीतल्या दुकानापर्यंत जाऊन येण्याएवढाच तो वापर होता आणि तो रिक्षाने कितीतरी कमी खर्चात झाला असता. परंतु इथे थोडे थांबून समोरच्याची गरज समजून घेतली पाहिजे. घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागणारे वडील असतील, किंवा रोज कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जावे लागत असेल, तर गाडी हवीच, आणि तिचे रास्त भाडे कुरकुर न करता द्यावे. किलोमीटर कमी म्हणून गरज खोटी, असा निष्कर्ष काढू नये. फक्त गरज विचारावी आणि तिच्यावरून हिशेब करावा.

ज्याच्याकडून धक्का लागला त्याने रस्त्यावर गर्दीपुढे "सगळं भाडं मी भरतो" असे लिहून देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीविना जबाबदारी कबूल करू नये किंवा पैसे देण्याचे वचन देऊ नये, अशी पॉलिसीची अटच असते. समोरच्याची मागणी कंपनीने हाताळावी असे वाटत असेल, तर अपघाताची खबर लगेच द्यावी आणि आलेले प्रत्येक पत्र तिच्याकडे पाठवावे. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, आणि असा दावा दिल्याने आपला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जात नाही. तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा घेतला तरच जातो. रक्कम लहान असून ती खिशातूनच द्यायची असेल, तर मात्र आपसांत मिटवणेच सोयीचे.

ब्रिटनमध्ये याच खर्चाभोवती एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. अपघातग्रस्ताला उधारीवर गाडी द्यायची आणि चढ्या दराचे बिल दोषी चालकाच्या विमा कंपनीकडून वसूल करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. २००० साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, अशा एका प्रकरणात मत दिले की उधारी आणि दावा चालवण्याची सेवा यांसाठी चढवलेली रक्कम वगळून बाजारातला साधा दरच नुकसान म्हणून धरावा. तो निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण वाटाघाटीत कसोटी म्हणून ती मला फार न्याय्य वाटते: आज रोख पैसे देऊन तशीच गाडी कितीला मिळाली असती?

समेट न झाल्यास मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो, आणि त्यासाठी मोटार वाहन कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. आपल्याच कंपनीने दैनिक भत्ता नाकारला, तर आधी तिच्या तक्रार विभागाला लिहावे. महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्यातल्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. ही वाट फक्त पॉलिसीधारकाला आहे. समोरच्या गाडीच्या मालकाला ती नाही.

आमचा हिशेब चहाच्या कपावर मिटला. कामाचे ४ दिवस आणि ने-आणीचा १ धरून ५ दिवस, दर १,५०० रुपये, म्हणजे ७,५०० रुपये. त्यात त्यांचे दुरुस्तीतले ३,४०० मिळवून भाच्याने १०,९०० रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले. पावतीवर अपघाताची तारीख, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, रकमेची फोड आणि "या अपघातातील माझ्या दुरुस्तीच्या वाट्याची व गाडीभाड्याची रक्कम पूर्ण मिळाली, त्याबाबत यापुढे मागणी नाही" असे वाक्य लिहून दोघांनी सह्या केल्या, आणि तिची एकेक प्रत दोघांनी आपापल्या पॉलिसीच्या कागदांत ठेवली.