लांबच्या प्रवासाचं हेल्मेट: आधी डोक्याचा आकार, मग बाकी सगळं

चार वर्षांपूर्वी कानांची तपासणी केली, तेव्हा आलेखावरची रेघ 4,000 हर्ट्झपाशी खचलेली दिसली. डाव्या कानाची जरा जास्तच. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "कारखान्यात आहात का?" वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख बहुतेकदा तिथेच खचतो. मी कारखान्यात कधीच नव्हते. अकरा वर्षं मिळेल त्या सुट्टीत बाईकवर लांब जात होते. तेव्हापासून आमच्या गटात कुणाला हेल्मेट घ्यायचं असलं की मी सोबत जाते. दुकानात उभी राहून जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी आवाजाचा हिशेब. ताशी 65 किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजाला मागे टाकतो. ताशी 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत साधारण 95 ते 100 डेसिबल भरतात. नायॉश या अमेरिकी संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पहिल्या थांब्याला पोचायच्या आतच दिवसभराचा वाटा संपलेला असतो. शिवाय हा आवाज थकवतो. पाचव्या-सहाव्या तासाला ब्रेक दाबायला उशीर होतो, आरसा बघायचा राहून जातो. म्हणून शांत हेल्मेट ही चैन आहे असं मला मुळीच वाटत नाही.

तरीही दुकानात "सगळ्यात शांत कुठलं?" हा पहिला प्रश्न विचारू नका. पहिला प्रश्न तुमच्या डोक्याच्या आकाराचा. केस ओले करून चापून बसवा आणि कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. काही डोकी जवळजवळ गोल असतात, काही पुढून मागे लांबट, बहुतेकांची मधली. मग कापडी टेप घ्या, भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटिमीटरवरून मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. घेर सारखाच असलेली दोन डोकी आकाराने अगदी वेगळी असू शकतात. इथेच माझी चूक झाली होती. माझं डोकं लांबट, आणि मी घेतलेलं हेल्मेट आतून गोल. चाळीस मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. मला वाटलं, साइज लहान पडते. पुढच्या वेळी एक साइज मोठी घेतली. कपाळ सुटलं, पण गालांपाशी आणि मानेपाशी फट राहिली. त्या फटीतून वारा शिरायचा, वेग वाढला की हेल्मेट वर ओढलं जायचं, आणि आवाज इतका की थांबल्यावरही रात्रभर कानात शिट्टी वाजत राहायची. ते हेल्मेट मी सहा वर्षं वापरलं. पडले असते तर ते डोक्यावर राहिलं असतं की नाही, याचा विचार तेव्हा कधी मनात आला नव्हता. चुकीच्या आकारातून मोठी साइज आणि मोठ्या साइजमधून धोका आणि गोंगाट दोन्ही, ही साखळी मला गटातल्या निम्म्या लोकांत तरी दिसते.

म्हणून घालून बघायला भरपूर वेळ ठेवा. दोन्ही पट्टे बाहेर ओढून हेल्मेट घाला. गाल इतके दाबले गेले पाहिजेत की बोलताना आतून गाल दाताखाली येतील. नवे गालाचे पॅड पहिल्या पंधरा-वीस तासांच्या वापरात सैल होतात, त्यामुळे आज आरामशीर वाटणारं हेल्मेट दोन महिन्यांनी ढिलं होणार. हेल्मेट हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडीही त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. आता पट्टा बांधा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. हनुवटी छातीकडे झुकवा आणि सोबतच्याला मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकलायला सांगा. नीट जोर लावून. निघून आलं, तर ते कितीही आवडलेलं असलं तरी ठेवून द्या. जे बसलं ते अर्धा तास डोक्यावर राहू द्या. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल डाग दिसला, तर आकार चुकला. सगळीकडे सारखी लाली असेल तर हरकत नाही. गालाचे पॅड बऱ्याच मॉडेलमध्ये कमी-जास्त जाडीचे मिळतात, त्यामुळे गालांचं जमवता येतं. कपाळाचं सहसा जमवता येत नाही. चष्मा असेल तर तो घालूनच हे सगळं करा.

आता सुरक्षा. डोकं वाचवण्याचं मुख्य काम करतो आतला थर्माकोलसारखा थर. आघात झाला की तो चुरडतो, आणि त्या चुरडण्यात डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. एकदा चुरडलेला थर पुन्हा फुलत नाही, आणि ते बाहेरून कळतही नाही. खडीच्या वळणावर मी अगदी हळू पडले होते, हनुवटीपुढच्या भागावर तळहाताएवढा ओरखडा आला. दुसरं काहीच नव्हतं. त्या दिवशी ते हेल्मेट निवृत्त झालं. याच कारणाने दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट घेऊ नका. बाहेरचं कवच कार्बनचं की फायबरग्लासचं की पॉलिकार्बोनेटचं, यावर लोक तासभर बोलतात. कार्बनमुळे वजन कमी होतं, मानेला बरं वाटतं, पण आघात शोषण्याची हमी साहित्याच्या नावातून मिळत नाही. ती चाचणीतून मिळते.

चाचण्यांपैकी मी ईसीई 22.06 हे युरोपात चालणारं हेल्मेटचं मानक बघते. हा नियम 2021 मध्ये लागू झाला. जुन्या 22.05 मध्ये डोकं आपटण्याचा वेग सेकंदाला 7.5 मीटर होता. नव्यात त्याच्या जोडीला 6 आणि 8.2 मीटरच्या चाचण्या आल्या. हळू आघातही तपासतात, कारण फार कडक हेल्मेट छोट्या आघाताला चुरडतच नाही आणि धक्का थेट डोक्याला पोचवतं. तिरपा आघातही आला, कारण डोकं रस्त्यावर क्वचितच सरळ आपटतं. ते घासतं, झटक्यात फिरतं, आणि मेंदूला ते फिरणं फार महागात पडतं. काही हेल्मेटांत मिप्ससारखा सरकणारा पातळ थर असतो तो याचसाठी. पुष्कळजण विचारतात, बाईक ताशी 100 ने जाते आणि चाचणी जेमतेम ताशी 30 ची, हे कसं? बाईकवरून पडताना डोकं जमिनीवर किती जोरात आदळतं हे मुख्यतः ते किती उंचीवरून आलं यावर ठरतं. दीड-पावणेदोन मीटरवरून पडलं तर ताशी 20 च्या आसपास. खांबावर किंवा गाडीवर थेट आदळणं ही वेगळी गोष्ट, तिथे कुठलंच हेल्मेट सगळा वेग गिळू शकत नाही.

खरेदीच्या वेळी पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा. गोलात 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा अंक असतो: 1 म्हणजे जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली. खालचा क्रमांक 06 ने सुरू होत असेल तर ते 22.06. त्या क्रमांकानंतर 'पी' असेल तर हनुवटीपुढचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. फ्लिप-अप, म्हणजे हनुवटीपुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट घेणाऱ्यांनी 'पी/जे' शोधा, म्हणजे तो भाग बंद आणि उघडा अशा दोन्ही स्थितींत मंजूर आहे. अमेरिकेच्या 'डॉट' या मानकात उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि सरकार नंतर नमुने तपासतं, त्यामुळे नुसत्या त्या स्टिकरवर मी थांबत नाही. ब्रिटनच्या परिवहन खात्याची 2007 मध्ये सुरू झालेली 'शार्प' ही योजना हेल्मेटांना एक ते पाच तारे देते आणि ते कुणालाही फुकट बघता येतात. तुमचं मॉडेल त्यात असेल तर जरूर बघा. महागड्याला कमी आणि स्वस्ताला जास्त तारे मिळालेले दिसतील.

प्रकाराबद्दल मी हट्टी आहे: लांबच्या प्रवासाला फुल फेस, म्हणजे हनुवटीसकट सगळं झाकणारं. जर्मनीतल्या अपघातांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी जवळपास एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर होते. उघड्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. फ्लिप-अप सोयीचं आहे, पण बिजागरी आणि जोड यांमुळे सहसा जास्त वाजतं. टोपीसारखा पुढे आलेला छज्जा असलेलं हेल्मेट महामार्गावर वारा पकडतं आणि मान दुखवतं.

आवाजाचा मोठा वाटा खालून येतो, हनुवटी आणि मान यांच्याजवळून. म्हणून मानेभोवतीचा गोल पॅड अंगाला लागून बसणारा हवा आणि हनुवटीखालचा कापडी पडदा लावायचा. काचेची रबरी कड तपासायला कागदाची पट्टी काचेत धरून काच बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. जिथे सहज सुटते तिथून शिट्टी येणार. वर चिकटवलेला कॅमेरा आणि इंटरकॉमचा डबा दोन्ही वाजतात. जाहिरातीतले डेसिबलचे आकडे एकमेकांशी ताडू नका, प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी. आणि कित्येकदा दोष हेल्मेटचा नसतोच. मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, पाय ठेवायच्या फूटपेगवर जरासं उठून बघा. आवाज एकदम कमी झाला, तर विंडस्क्रीनवरून सुटलेला खळबळता वारा नेमका तुमच्या हेल्मेटवर आदळतो आहे. तिथे स्क्रीनची उंची बदलणं नव्या हेल्मेटपेक्षा जास्त उपयोगी.

आणि एवढं सगळं करूनही इअरप्लग घालाच. चांगलं हेल्मेट काही डेसिबल कमी करतं, फोमचा नीट बसलेला प्लग त्याहून कितीतरी जास्त. तो बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. पण प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, त्यामुळे वाऱ्यातून हॉर्न ओळखणं अवघड होत नाही. काही ठिकाणी दोन्ही कानांत काही घालून चालवायला बंदी आहे, तेवढं तुमच्या वाटेवरचं बघून घ्या.

रंग शक्यतो पांढरा किंवा फिका. न्यूझीलंडमधल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा जखमी होण्याचा धोका 24 टक्के कमी आढळला. आतली उत्पादनाची तारीख वाचा. वापराची पाच वर्षं झाली की बदला.

घरी आणल्यावर लगेच काचेवरची फिल्म काढू नका. पट्टा बांधून तासभर घरातच कामं करा, मग आरशात कपाळ बघा. एकाच जागी डाग असेल, तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत परत नेऊन द्या.