एन्ड पोस्टिंगसाठी अँकी वापरताय? या चुका टाळा

क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणात, अँकी हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप वापरणारे बरेच वैद्यकीय विद्यार्थी रोज दीडशे-दोनशे कार्डं इमानाने फिरवतात आणि एन्ड पोस्टिंगला, म्हणजे पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेत, पेशंटच्या पलंगाशी उभं राहिल्यावर अडखळतात. पाठ असतं, तोंडातून निघत नाही. कार्डं ज्या पद्धतीने प्रश्न विचारतात, त्या पद्धतीने परीक्षक विचारत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. दुरुस्ती करायची ती कार्डांमध्येच.

तयार डेक जसाच्या तसा घेणं

नेटवर फिरणारे बरेच मोठे डेक (कार्डांचे संच) अमेरिकेतल्या यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेसाठी, म्हणजे पर्याय निवडायच्या एमसीक्यू प्रश्नांसाठी बनलेले आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं आपलं सर्पविषरोधक इंजेक्शन, किंवा काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली ताजं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का हे पाहायची चाचणी, असे इथल्या वॉर्डातले विषय त्यांत शोधावे लागतात. डेक घ्या, पण सगळी कार्डं सस्पेंड (तात्पुरती बंद) करा आणि त्या दिवशी पाहिलेल्या केसची तेवढीच उघडा. बाकीची स्वतः लिहा.

संख्येचा हिशोब आधीच करा. अँकीचं मूळ सेटिंग रोज २० नव्या कार्डांचं असतं. त्या वेगाने गेलं तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेवर जाते. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर असताना हे पेलत नाही. रोज १० ते १२ नवी कार्डं पुरे. चार आठवड्यांत तीनशेच्या आसपास होतात.

एका कार्डावर अख्खं पान

बालरोगाच्या पोस्टिंगमधलं नेहमीचं कार्ड: ‘प्लॅन सी (तीव्र निर्जलीकरणाचे उपचार) लिहा.’ मागे सहा आकडे. पाच आठवतात, एक चुकतो. ‘अगेन’ (विसरलो) हे बटण दाबलं तर येणारे पाचही पुन्हा घोटावे लागतात, ‘गुड’ (आठवलं) दाबलं तर चुकलेला आकडा तसाच पुढे सरकतो. म्हणून तोडा:

तीव्र निर्जलीकरणात शिरेतून एकूण किती? १०० मिली प्रति किलो.
८ महिन्यांचं बाळ, पहिले ३० मिली प्रति किलो किती वेळात? १ तास.
त्याच बाळाला उरलेले ७० किती वेळात? ५ तास.
३ वर्षांचं मूल, पहिले ३०? अर्धा तास. उरलेले ७०? अडीच तास.
द्रव कोणता? रिंगर लॅक्टेट, नसेल तर नॉर्मल सलाइन.

ही तोंडात बसली की एक हिशोबाचं कार्ड जोडा: ८ महिन्यांचं, ८ किलोचं बाळ, पहिल्या तासात किती मिली? २४०, आणि पुढच्या पाच तासांत ५६०. वॉर्डात प्रश्न असाच येतो.

आजाराकडून लक्षणाकडे जाणारी कार्डं

पुस्तक आजाराचं नाव देऊन लक्षणं सांगतं. वॉर्डात हाताला गोळा लागतो आणि नाव आपल्याला द्यायचं असतं. ‘प्लीहा वाढल्याची लक्षणं’ या कार्डाऐवजी लिहा: डाव्या बरगडीखाली गोळा आहे, बोटं त्याच्या वरच्या कडेपलीकडे जात नाहीत, काय? प्लीहा. मागून ढकलल्यावर पुढच्या हाताला लागतो? मूत्रपिंड. श्वासाबरोबर उजव्या इलियक फॉसाकडे (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे) सरकतो? प्लीहा. प्रत्येक खुणेचं वेगळं कार्ड, आणि शेवटी एक बोलण्याचं कार्ड: ‘ही प्लीहाच कशावरून?’ ते मोठ्याने, न थांबता, अर्ध्या मिनिटात.

मनातल्या मनात उत्तर देणं

ही सर्वात महागात पडणारी सवय आहे. उत्तर डोक्यात अर्धवट चमकतं, कार्ड उलटल्यावर ‘हे येतच होतं’ असं वाटतं आणि ‘गुड’ दाबलं जातं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) वाक्य पूर्ण करावं लागतं. निदान व्याख्या आणि ‘कशावरून’ची कार्डं तरी इंग्रजीत, मोठ्याने बोला.

हिस्ट्रीसाठी, म्हणजे पेशंटला आजाराबद्दल विचारण्यासाठी, मात्र मराठी कार्डं हवीत, आणि ती कुठल्याच तयार डेकमध्ये मिळणार नाहीत. पुढे वैद्यकीय शब्द, मागे पेशंटला विचारायचा प्रश्न. ऑर्थोप्निया: आडवं पडल्यावर दम लागतो का, उशाला किती उशा घेता? पीएनडी: रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागतं का? मलीना: शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते का? क्लॉडिकेशन: किती चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं का? भाषेचा पोत भागाप्रमाणे बदलतो. वॉर्डातल्या सिस्टरांकडून तिथले शब्द विचारून घ्या आणि कार्डात भरा.

बटणं आणि थकबाकी

उत्तर आठवलं नसेल तर ‘हार्ड’ दाबू नका. अँकी ‘हार्ड’ला ‘आठवलं, पण कष्टाने’ असं समजतं आणि कार्ड पुढच्या तारखेला ढकलतं. एफएसआरएस (कार्डं पुन्हा कधी दाखवायची हे ठरवणारी अँकीची नवी पद्धत) चालू असेल तर या सवयीने सगळ्याच कार्डांचा अंदाज बिघडतो. त्यात अपेक्षित स्मरण मुळात ०.९० असतं; परीक्षेच्या धास्तीने ०.९७ केलं की उजळणी झपाट्याने वाढते.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी ‘लीच’ ठरवतं. ते नवव्यांदा घोटू नका. प्रश्न संदिग्ध आहे किंवा दोन गोष्टींची गल्लत होते आहे. खोडून नव्याने लिहा.

नाइट ड्यूटीमुळे कार्डं साचली तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि साचलेली तीन-चार दिवसांत वाटून संपवा.

पेशंटचे फोटो

ईसीजी किंवा एक्स-रेचं कार्ड करताना नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख कापा. चेहरा असलेला फोटो कार्डात नकोच. डेक मित्रांना दिला की तो कुठवर जातो यावर आपला ताबा राहत नाही.

शेवटचे चार दिवस

नवी कार्डं थांबवा. आदल्या दिवशी केलेल्या कार्डाला पक्कं व्हायला वेळच मिळत नाही. फिल्टर्ड डेकमध्ये (निवडक कार्डांच्या तात्पुरत्या संचात) फक्त ‘कशावरून’ची आणि औषधांच्या मात्रांची कार्डं घ्या, आणि वॉर्डात जाताना रोज त्यातली पाचच निवडा. जेव्हीपीचं (मानेतल्या शिरेच्या दाबाचं) कार्ड असेल तर पेशंटला ४५ अंशांवर टेकवून, पट्टीने स्टर्नल अँगलपासूनची (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्यापासूनची) उभी उंची खरोखर मोजा आणि आकडा शेजारच्या मित्राला बोलून दाखवा.