निरंक, शून्य आणि रिकामा रकाना: एक्सेलमध्ये मध्यक काढताना

बीएस्सी, बीए करून, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घेऊन आकडेवारीच्या कामाला लागलेल्या पोरापोरींना सरासरी काढता येते. मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, म्हटलं की मात्र दहावीचं गणित आठवतं: वर्गांतर, संचित वारंवारता आणि ते लांबलचक सूत्र. ते विसरलात तरी चालेल. एक्सेलमध्ये मध्यक एका ओळीत निघतो. त्या ओळीत जाणारे आकडे कसे आहेत हे ओळखायला जास्त वेळ लागतो, आणि नोकरीत पगार त्याचाच मिळतो.

मी बीड जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. पावसाळ्यात रोज सकाळी मंडळनिहाय (म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक महसूल मंडळाचं) पर्जन्यमान गोळा करायचं आणि दुपारपर्यंत तालुक्याचं चित्र द्यायचं, हे आमचं काम. म्हणून उदाहरणं पावसाचीच देते. आकडे समजण्यापुरते आहेत. सूत्रं इथे देवनागरीत लिहिलीत, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.

एका तालुक्यात सात मंडळं धरा. पाऊस मिलिमीटरमध्ये असा: ४, ६, ०, ९, ११२, ७, २. हे आकडे सी२ ते सी८ मध्ये आहेत. =ॲव्हरेज(सी२:सी८) लावलं की उत्तर येतं २०. =मीडियन(सी२:सी८) लावलं की ६. सरासरी ऐकून माणूस तिफण काढेल, पण सातपैकी सहा मंडळांत दहा मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. एका मंडळावर ढग रिकामा झाला आणि त्यानं अख्ख्या तालुक्याचा आकडा वर ओढला. आकडे चढत्या क्रमानं तुम्ही लावायची गरज नाही, ते एक्सेल बघतं. आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी घेतं.

म्हणून सगळीकडे मध्यकच लावत सुटू नका. तलावात पाणी किती येईल याचा अंदाज बांधायला एकूण पाऊस लागतो. अतिवृष्टी तर मंडळाच्या आकड्यावर ठरते, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे. ११२ वाल्या मंडळातल्या शेतकऱ्याची जमीन खरडून गेली असेल, त्याला तालुक्याचा मध्यक सांगून काय उपयोग?

आता खरा गुंता. गावाकडून, कार्यालयातून येणाऱ्या तक्त्यात पाऊस नसेल तर शून्य येईलच असं नाही. तिथे ‘निरंक’ येतं. एकदा मी फोन करून विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, पाऊसच नाही पडला तर शून्य कशामुळं लिहायचं? निरंक लिहिलंय की.” कागदावर त्यांचं अगदी बरोबर आहे. पण मीडियनला रकान्यांचा पट्टा दिला की त्यातला मजकूर आणि रिकामे रकाने ते मोजतच नाही. शून्य मात्र मोजतं. कोरड्या दिवसाचा तक्ता बघा: ०, ०, ०, ०, ३, ८, ४१. मध्यक शून्य. याच चार शून्यांच्या जागी ‘निरंक’ असेल तर एक्सेलला दिसतात फक्त ३, ८, ४१ आणि मध्यक येतो ८. सूत्र बरोबर, एरर नाही, लाल खूण नाही आणि कोरडा तालुका ओला झालेला.

यावर माझा उपाय साधा आहे. मध्यकाच्या शेजारच्या रकान्यात =काउंट(सी२:सी८) कायम ठेवायचं. काउंट फक्त संख्या मोजतं. मंडळं सात आणि काउंट तीन, म्हणजे चार ठिकाणी काहीतरी वेगळं बसलंय. ‘४ मिमी’ असं एकत्र लिहिलेलंही मजकूरच. मूळ तक्त्याची प्रत बाजूला ठेवून कंट्रोल-एचनं निरंकच्या जागी ० भरा. पण नुसती आडवी रेघ किंवा रिकामा रकाना दिसला तर स्वतःच्या मनानं शून्य भरू नका. पाऊस नव्हता की पर्जन्यमापक बंद होता, हे फोन केल्याशिवाय कळत नाही.

सगळे तालुके एकाच शीटमध्ये असतील तर तालुकानिहाय मध्यक लागतो. ॲव्हरेजइफ आहे, तसं मीडियनइफ नाही. ए रकान्यात तालुक्याचं नाव असेल तर =मीडियन(इफ(ए२:ए५००="आष्टी",सी२:सी५००)) असं लिहावं लागतं, आणि जुन्या एक्सेलमध्ये एंटरऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. इथे गंमत उलटी होते: इफमधून जाताना रिकामा रकाना शून्य बनतो. म्हणजे बंद पडलेलं यंत्र कोरडा दिवस दाखवतं. आत आणखी एक इफ घाला: इफ(ए२:ए५००="आष्टी",इफ(सी२:सी५००<>"",सी२:सी५००)).

फिल्टर लावून दिसणाऱ्या ओळींचाच मध्यक हवा असेल तर सबटोटलमध्ये तो नाही. =ॲग्रीगेट(१२,५,सी२:सी५००) वापरा. १२ म्हणजे मध्यक, ५ म्हणजे लपलेल्या ओळी सोडा. ५ च्या जागी ६ दिलं तर एरर असलेले रकाने सुटतात.

मराठवाड्याचे आठ जिल्हे, शहात्तर तालुके. रोज हातानं कोण करणार? अल्ट-एफ११ दाबून व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या प्रोग्रामिंग भाषेत, मॅक्रो लिहा. तिथे दोन रस्ते आहेत. ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.मीडियन वापरलं आणि एखाद्या तालुक्यात एकही संख्या नसली तर १००४ क्रमांकाची एरर येऊन मॅक्रो मध्येच थांबतो. मधलं वर्कशीटफंक्शन गाळून नुसतं ॲप्लिकेशन.मीडियन लिहिलं तर एरर उत्तर म्हणून परत येते, ती इझएररनं तपासून ‘माहिती नाही’ लिहिता येतं. उत्तर ठेवायचं व्हेरिएबल मात्र व्हेरियंट (काहीही मावणारं) हवं, डबल (फक्त संख्येचं) ठेवलंत तर टाइप मिसमॅच ठरलेलं.

गूगल शीट्समध्ये मीडियन तसंच चालतं. पण तिथे मॅक्रोसारखं काम करणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये तयार मध्यक नाही, आकडे स्वतः क्रमानं लावावे लागतात. तिथलं सॉर्ट काही न सांगता वापरलं तर आकडे शब्दांसारखे लावतं: ०, ११२, २, ४, ६, ७, ९. मधला आकडा ४, खरा मध्यक ६. सॉर्टला तुलनेचं फंक्शन द्यावंच लागतं.

छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला मुलाखतीला जाल तेव्हा बऱ्याचदा एक फाइल उघडून देतात आणि वेळ लावतात. घाईनं सूत्र लिहायला बसू नका. आधी काउंट आणि काउंटए (हे मजकूरही मोजतं) शेजारी-शेजारी लावा, फरक दिसला तर मजकूर असलेला रकाना काय धरायचा ते समोरच्याला विचारा, आणि ते सांगतील तसं उत्तराखाली एका ओळीत लिहून ठेवा.