५०,००० युरोत तिघांचं भागेल का? चाकणहून जर्मनीला निघण्याआधीचा हिशेब

ऑफर लेटर आलं की पुण्यातल्या घरात पहिला गुणाकार होतो तो शंभराने. ५०,००० युरो गुणिले १००, म्हणजे ५० लाख. संध्याकाळपर्यंत बातमी आजीकडून सोसायटीत आणि सोसायटीतून नाशिकच्या मावशीकडे पोचलेली असते. मग चार दिवसांनी, पोरं झोपल्यावर, बायको विचारते, "पण माझी नोकरी सोडून, आपण तिघं, एवढ्यात भागेल ना?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. जर्मनी घेतली, कारण चाकण आणि हिंजवडीतून तिकडे जाणारे बरेच आहेत, आणि मीही कुटुंबासकट तिथे तीन वर्षं काढून परत आलोय. आकडे २०२६ चे आहेत. खर्चाचे आकडे अंदाजाचे, तुमचे तुम्ही भरायचे.

उदाहरणाला एक घर घेऊ. वारज्यात स्वतःचा फ्लॅट, हप्ता ४५,०००. नवरा चाकणला मेकॅनिकल इंजिनिअर, १६ लाखांचं पॅकेज. बायकोला खासगी बँकेत ७ लाख. मुलगी चार वर्षांची. ऑफर ५०,००० युरोची. जर्मनीच्या मानाने मध्यम पगार, फार नाही आणि अगदी कमीही नाही. ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्याला, २०२६ मध्ये एरवी किमान ५०,७०० युरो लागतात, पण इंजिनिअर आणि आयटीसारख्या टंचाईच्या पेशांना ४५,९३४ पुरतात. म्हणजे व्हिसाची अट पार होते. घर चालेल का, हा प्रश्न त्यापुढचा.

पायरी १ : पगार आधी सोलून घ्या

ऑफरमधला आकडा 'ब्रुटो', हातात पडतो तो 'नेटो'. पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा मिळून सुमारे २१ टक्के आधीच कापले जातात. मग आयकर. तो तुम्ही कुठल्या करवर्गात बसता त्यावर ठरतो. एकटा माणूस वर्ग १ मध्ये. बायको सोबत राहत असेल आणि कमवत नसेल तर नवऱ्याला वर्ग ३ घेता येतो. आपल्या ५०,००० चे वर्ग १ मध्ये महिना सुमारे २,७०० उरतात, वर्ग ३ मध्ये सुमारे ३,०००.

मात्र वर्ग ३ साठी बायकोने जर्मनीत राहायला यावं लागतं. ती वारज्यात आहे तोवर कागदावर लग्न झालेलं असूनही तुम्ही वर्ग १ मध्येच.

या पगारावर सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा सक्तीचा असतो, आणि ते बरंच आहे. न कमावणारी बायको आणि मूल त्याच हप्त्यात येतात, वेगळा पैसा नाही. शिवाय मुलामागे महिना २५९ युरो किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळतं. अर्ज मात्र वेळेत करा, कारण मागची थकबाकी सहा महिन्यांपुरतीच देतात.

आणखी एक. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तिकडे तेरावा महिना म्हणजे सुगी. बऱ्याच कंपन्या वर्षाचा पगार तेरा भागांत देतात. तेव्हा ५०,००० ला बाराने भागायचं की तेराने, हे एचआरला आधीच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी पाहून माझा चेहरा असा पडला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पाणी आणून दिलं.

पायरी २ : शंभराचा गुणाकार कुठे चालतो ते ठरवा

तिथे मिळवून तिथेच खर्च करायचा पैसा शंभराने गुणण्यात अर्थ नाही. दोन्हीकडच्या किमती जुळवून पाहिल्या तर एका युरोची खरेदीची ताकद आपल्या साधारण २८ ते ३० रुपयांएवढी भरते. त्या मापाने ५०,००० युरो म्हणजे पुण्यातले १४-१५ लाख. गंमत अशी की आपल्या घरात आत्ताच दोघांचे मिळून २३ लाख येतात.

शंभराचा भाव खरा ठरतो तो फक्त शिल्लक पैसा पुण्याला पाठवताना. म्हणून सगळा हिशेब युरोत करायचा आणि उरलेल्यालाच शंभराने गुणायचं.

पायरी ३ : आधी शहर, मग पगार

घरभाड्यात पगाराचा सगळ्यात मोठा घास जातो, आणि शहरागणिक तो दुपटीहून अधिक बदलतो. आपल्या टू बीएचकेला तिथे तीन खोल्यांचं घर म्हणतात, कारण स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. असं ७० चौरस मीटरचं (साधारण ७५० चौरस फूट) घर आज नव्याने घ्यायचं तर लाइपझिगला ७०० युरोंच्या आसपास, म्युनिकला १,५०० च्या वर.

हे झालं 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडं. त्यात पाणी, कचरा, जिना-सफाई आणि हीटिंग मिळवलं की 'वार्ममीटे', गरम भाडं. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरात असतो. आपण गरम धरायचा: लाइपझिगला ९५०, म्युनिकला १,८५०. वीज त्याच्याही वर. शिवाय हीटिंगचा हिशेब वर्षाने होतो. पुण्याच्या सवयीने आम्ही हिवाळ्यात बनियनवर बसता येईल असं घर तापवत होतो, आणि दुसऱ्या वर्षी ६४० युरोंची मागणी पत्रपेटीत पडली.

भाड्याच्या घरात बहुतेक वेळा ओटा नसतो हेही कुणी सांगत नाही. स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि भिंतीतून आलेली नळाची टोकं. आधीचा भाडेकरू किचन विकत देतो, तेव्हा घासाघीस करा. ती तिथेही चालते. आम्ही न बघता सही केली आणि सहा आठवडे चपलांच्या कपाटावर इंडक्शन ठेवून वरणभात केला.

पायरी ४ : महिन्याचा कागद

लाइपझिग धरून तिघांचा कागद असा होतो. गरम भाडं ९५०, वीज ८०, किराणा आणि भाजी ५००. दोघांचे प्रवासाचे पास १२६. हे ६३ युरोंचं डॉइचलांड तिकीट देशभरच्या लोकल, मेट्रो, ट्राम, बसला चालतं आणि सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणून पहिली दोन वर्षं गाडीचा विचारही नको. इंटरनेट आणि फोन ७०. घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागणारी प्रसारण फी १८. नुकसानभरपाईचा विमा १०. तो घ्याच, पोरीने दुसऱ्याच्या गाडीवर सायकल घासली की कळतं. बालवाडी, म्हणजे किटा, जेवणासकट २५०. कपडे आणि घरगुती १५०, कारण तिथे बूट आणि जाकिटं दर हिवाळ्याला लहान होतात. वर्षातून एकदा पुण्याला यायची तिकिटं महिन्यात वाटून २००. किरकोळ १५०.

बेरीज सुमारे २,५००. येणं ३,००० अधिक २५९. उरले साधारण ७५५ युरो.

म्युनिकला फक्त भाडं बदला. ९०० वाढले, आणि शिल्लक उणे १४५. पगार तोच, माणसं तीच.

किटाची फी राज्याराज्यात वेगळी असते. बर्लिनमध्ये जेवणापुरते थोडे पैसे सोडले तर ती माफ आहे. सरकारी शाळा मात्र सगळीकडे फुकट. पुण्यात शाळेच्या फीवर आणि व्हॅनकाकांवर जाणारा पैसा सहाव्या वर्षानंतर वाचतो, हे जमेच्या बाजूला लिहा. खर्चाच्या बाजूला धुणीभांडी आणि पोळ्या लिहा. त्यांना तिथे पैसे पडत नाहीत, कारण ती कामं तुम्हीच करता.

पायरी ५ : पुण्याचं शेपूट मोजा

माझ्या ओळखीतले जे कमी पगारावर जाऊन अडचणीत आले, ते तिथल्या खर्चाने आले नाहीत. मागे ठेवलेल्या पुण्याने त्यांना ओढलं. म्हणून हा भाग रात्री शांतपणे, बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन करा.

आपल्या घराचं शेपूट असं: हप्ता ४५,०००, मेंटेनन्स आणि मिळकतकर ५,०००, आईवडिलांना १५,०००, विम्याचे हप्ते आणि एसआयपी १०,०००. एकूण ७५,०००. तिकडे लाइपझिगची शिल्लक ७५५ युरो, म्हणजे ७५,५००. तोंडमिळवणी झाली असं वाटेल, पण हातात एका पिझ्झाचेही पैसे नाहीत.

मग फ्लॅट भाड्याने द्या. वारज्यात २२,००० येतील असं धरू. पण तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून सेससह ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. हातात सुमारे १५,१००. जास्त कापलेलं रिटर्न भरून परत मिळतं, पण महिन्याच्या हिशेबात ते धरू नका. भाडेकरूला हे करारापूर्वीच सांगा, नाहीतर तो दुसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद करतो. लीव्ह अँड लायसन्स दर अकरा महिन्यांनी नवा होतो, तेव्हा भाऊ किंवा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून जा.

आता शेपूट ६०,००० वर आलं आणि महिना १५,००० उरले. लाइपझिगचं उत्तर: भागेल, ओढाताणीने. म्युनिकचं उत्तर: दर महिन्याला ७५,००० चा खड्डा.

म्हणून पगार वाढवून मागण्याआधी शेपूट कापता येतं का पाहा. बायकोच्या पीएफमधून किंवा मुदत ठेवींतून कर्जाचा काही भाग फेडून हप्ता ४५,००० चा ३०,००० केलात, तर ते महिन्याला दीडशे युरो निव्वळ वाढण्यासारखं आहे. तेवढं नेटो वाढवायला ब्रुटो बरंच वाढवून मागावं लागेल. सोपं काय ते तुम्हीच ठरवा. एसआयपी थांबवायला मात्र लोक फार लवकर तयार होतात, ती शेवटी.

निघाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही.

पायरी ६ : जाण्याचा एकरकमी खर्च

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन थंड भाडी, इथे २,१००. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे घरमालक आपणहून सांगत नाही. पहिलं भाडं ९५०. कायमचं घर मिळेपर्यंत दोन महिने सजवलेलं तात्पुरतं घर, तिघांना २,८०० च्या आसपास. किचन आणि फर्निचर जुनं घेतलं तरी २,०००. विमान तिकिटं १,५००. पहिला पगार महिनाअखेरीस, तोवर खायला ५००. जवळजवळ १०,००० युरो, म्हणजे दहा लाख. कंपनी यातलं काय देते हे ऑफरवर सही करण्यापूर्वी लेखी घ्या.

पैसे कमी असतील तर एकाने पुढे जावं, एका खोलीत राहावं, घर शोधावं, आणि तीन-चार महिन्यांनी बाकीच्यांनी यावं. यात वर्ग १ चा तोटा होतो, पण तो भरून काढता येतो. त्याच वर्षात, ३१ डिसेंबरच्या आत, बायको तिथे राहायला आली तर त्या पूर्ण वर्षाचं रिटर्न दोघांचं एकत्र भरता येतं. तिचा त्या वर्षीचा पुण्यातला पगार कराचा दर ठरवताना मोजतात, तरी बहुधा परतावा येतो. डिसेंबर की जानेवारी असा प्रश्न पडला, तर तिकीट डिसेंबरचं काढा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करायची असते.

तुमच्या लग्नाचा फोटो अल्बम कितीही जाड असला तरी लागतो तो विवाह नोंदणी दाखला. नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आजच जा. पासपोर्टवरचं बायकोचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एकच आहे ना, तेही बघा.

पायरी ७ : दुसरा पगार

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला भाषेची परीक्षा न देता व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून काम करता येतं. कागदावर. बँकेतल्या बाईला जर्मनशिवाय बँकेत कोण घेणार? तेव्हा ऑफर येण्याची वाट न पाहता तिने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात नाव घालावं. बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, इथून करून गेलात, तर तिथले हाताला काम नसलेले महिने कमी होतात. शिक्षिका, नर्स, डॉक्टर असाल तर पदवीची मान्यता आधी लागते. ती प्रक्रिया पुण्यातूनच सुरू करा.

सुरुवातीला 'मिनीजॉब' चालतो. महिना ६०३ युरोंपर्यंत मिळवलं तरी ती नवऱ्याच्याच आरोग्य विम्यात राहते. मोठी नोकरी लागली की करवर्ग ३ आणि ५ ची जोडी सोडून दोघांनी ४ घेण्याचा विचार करा, नाहीतर नवरा ३ मध्ये असला की तिच्या वाट्याला येणाऱ्या वर्ग ५ मुळे तिच्या हातात इतकं कमी पडतं की घरात उगाच भांडण होतं.

पायरी ८ : तीन महिन्यांची तालीम

सही करण्यापूर्वी पुण्यातच तीन महिने असं राहून बघा. बायकोचा पगार वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. धुणीभांडीच्या आणि पोळ्यांच्या मावशींना भरपगारी सुट्टी द्या. ऑफिस सोडून इतर सगळीकडे पीएमपीने, मेट्रोने नाहीतर पायी जा. स्विगी, झोमॅटो बंद. रविवारी काहीही विकत घ्यायचं नाही, कारण तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि दूध शनिवारीच आणावं लागतं.

आम्ही ही तालीम केली तेव्हा पैशांचं जमलं. भांड्यांवरून मात्र दुसऱ्याच आठवड्यात वाजलं, आणि मग कोणी कधी घासायची याचा तक्ता फ्रिजवर लागला. तोच तक्ता आम्ही बॅगेत घालून नेला.